पाठमोरी हाक

सोमवारी डॉक्टरांचं पथक गावात येणार होतं, म्हणून क्रांतीने गुरुवारीच यादी करायला घेतली. अंगणवाडीतल्या अठ्ठावीस मुलांची वजनं-उंच्या रजिस्टरात होत्याच. पथकाला त्याशिवाय आणखी एक कागद लागायचा. कुठल्या मुलाकडे जरा नीट बघा असं बाईंना वाटतं, त्यांची नावं. पहिलं नाव तिने पवारांच्या जुळ्यातल्या धाकटीचं लिहिलं. ती अजून एक पाय ओढत चालायची. दुसरं नाव कारखान्यावर ऊस वाहणाऱ्या ड्रायव्हरच्या मुलाचं. त्याच्या वजनाचा काटा चार महिने जागचा हलला नव्हता. मग तिने तीनचा आकडा घातला, पुढे टिंब दिलं आणि पेन थांबलं.

"बाई, आकडा लिवला आन थांबला," खिचडीचं पातेलं उतरवता उतरवता सलिमाभाबी म्हणाली. सलिमा अंगणवाडीची मदतनीस. नऊ वर्षं दोघी एका खोलीत काम करत होत्या, त्यामुळे क्रांतीचं पेन कुठे अडतं हे तिला पाठमोरं उभं राहूनही कळायचं.

"लिहू की नको कळत नाही भाबी."

"पोर दुसऱ्या कुणाचं असतं तर?"

क्रांतीची नजर वळली. कोपऱ्यात संग्राम ठोकळे घेऊन बसला होता. तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. तीन वर्षं पुरी व्हायला दीड महिना होता, पटावर नाव नव्हतं. पण चुलतीचं बोट धरून रोज यायचा, आपली जागा धरून बसायचा, सगळ्यात आधी डबा संपवायचा. गोरा, गुटगुटीत, कुणी बघितलं की हसणारा. बोलायचा मात्र नाही. 'आ' आणि 'बा' एवढंच.

न बोलण्याचं क्रांतीला फार वाटलं नव्हतं. उशिरा बोलणारी मुलं तिने पुष्कळ बघितली होती. वाटलं ते प्रार्थनेच्या वेळी. सगळी मुलं डोळे मिटायची, संग्राम मिटायचा नाही. दटावून मिटायला लावले तर प्रार्थना संपल्यावरही तसाच बसायचा, शेजारच्या मुलीने हलवेपर्यंत. तेव्हापासून ती बघत होती. रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर तिने तारखा घालून लिहून ठेवलं होतं. 'हात धुवायला चला' म्हटलं की उठतो, पण आधी बाकीच्यांकडे बघून. मागून तीन वेळा हाक मारली, वळला नाही. समोरून एकदाच मारली, लगेच आला. डफ वाजवला, वळला. घुंगरू वाजवलं, वळला नाही.

हे शेवटचं तिला सुटत नव्हतं. डफ ऐकू येतो आणि घुंगरू येत नाही, असं कसं?

"पुन्यांदा बघू," सलिमा म्हणाली. हात पुसून तिने खुळखुळा घेतला, संग्रामच्या मागे उकिडवी बसली आणि कानापासून वीतभर अंतरावर हलवला. संग्रामने एक ठोकळा दुसऱ्यावर ठेवला. मग तिने तळहाताने जमिनीवर थाप मारली. संग्राम गर्रकन वळला आणि तिला बघून खुदकन हसला.

"जिमिनीतनं कळलं त्याला," सलिमा हळूच म्हणाली.

क्रांतीने वही मिटली. "नाव लिहायच्या आधी त्याच्या आईला सांगायला पाहिजे. कागदावर बघून तिला कळायला नको."

*

संग्रामची आई राजेश्वरी परसात भांडी घासत होती, तेव्हा क्रांती तिच्याजवळ येऊन बसली. राखेचा हात तसाच ठेवून राजेश्वरीने सगळं ऐकून घेतलं. क्रांती आवाज न चढवता, एकेक गोष्ट सांगत होती. प्रार्थना, हात धुणं, डफ, घुंगरू. मधेच म्हणाली, "मी काही डॉक्टर नाही राजू. त्याला काय आहे, आहे की नाही, ते मला सांगता येणार नाही. मला दिसलं ते सांगते. तपासून घेऊ एवढंच."

राजेश्वरीच्या डोक्यात एकच गोष्ट अडकली.

"तुमी लिवून ठिवताय?" ती म्हणाली. "कवापासनं?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडं. रोज दुपारी त्याला घरी आणताय, माझ्या हातात देताय, आज लय जेवला म्हणताय. आन तिकडं वहीत लिवताय."

"खात्री झाल्याशिवाय तुझ्या जिवाला घोर लावायचा नव्हता."

"मग आता झाली खात्री?"

"नाही झाली. म्हणून तर तपासायचं."

कडी वाजली आणि अंजनाबाई बाहेर आल्या. सासूबाईंनी किती ऐकलं होतं कोण जाणे, पण पुरेसं ऐकलं होतं. "त्याचा बाप चार वर्षांचा हुईस्तवर मुका हुता," त्या म्हणाल्या. "आज पलटणीत शंभर माणसास्नी आरडतुय. म्या रोज वेखंड उगाळून जिभंला लावतीया, येईल बोलाय. क्रांती, तुझी अंगणवाडी गावाला. घरातल्या पोराला कशाला रजिस्टरात घालतीस?"

"आत्ती, घरातलं आहे म्हणूनच..."

"तुझी शिवांजली हुशार हाय, चौथीत पयली आली, आमी समद्यांनी पेढं खाल्लं. हेच्यात काय खोट काढायची?"

क्रांतीचा चेहरा उतरला. ती उठली आणि आत गेली. राजेश्वरीला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून लगेच वाईटही वाटलं. मेढ्याच्या डोंगरातून या घरात आली तेव्हा ती वीस वर्षांची होती, नवरा सिक्कीमला, सासूचा शब्द कडक. त्या पहिल्या वर्षात आक्कांनीच, या थोरल्या जावेनेच, तिला सांभाळलं होतं. बाळंतपणाला इस्लामपूरच्या दवाखान्यात रात्रंदिवस आक्काच होत्या. संग्रामला जन्मल्याबरोबर कावीळ झाली, काचेच्या पेटीत निळ्या दिव्याखाली पाच दिवस ठेवला, तेव्हाही.

अंजनाबाई देवळाकडे गेल्यावर राजेश्वरीने घासलेलं ताट उचललं. संग्राम सोप्यात पालथा पडून ट्रॅक्टर ढकलत होता. त्याच्यामागे जाऊन तिने ताट फरशीवर टाकलं. केवढा आवाज झाला! संग्राम दचकून वळला. ऐकू येतंय की! काय आक्का तरी.

मग तिने ताट उचललं, हातात धरलं आणि चमच्याने वाजवलं. तो वळला नाही. तिने जोरात वाजवलं. तो ट्रॅक्टर ढकलत राहिला. "संग्राम," तिने हाक मारली. "सोन्या. बाळा." रोज ती त्याला अशीच हाक मारायची आणि तो यायचा. पण रोज कुठून मारायची? समोरून. दारात त्याच्या वाटेवर उभी राहून.

तिने ताट जागेवर ठेवलं. हे ती कुणालाच सांगणार नव्हती.

*

संग्रामच्या आजोबांचा, नाथाजींचा धाकटा मुलगा यशराज शनिवारी सकाळी सात महिन्यांनी घरी आला. रविवारी भैरोबाच्या देवळात संग्रामचं जावळ काढायचं होतं, त्यासाठीच त्याने सुट्टी मागून घेतली होती. नाथाजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी सगळं बघितलं. यशराज फाटकातून आला, बॅग खाली ठेवली, बोटाने सगळ्यांना गप्प केलं. संग्राम पाठ करून मातीत खेळत होता.

"संग्राम!" यशराजने हाक मारली. "संग्राम, कोण आलंय बघ!"

पोरगं मातीच उकरत राहिलं. यशराज तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा त्याचा आवाज पडला होता. "इसरला वाटतं मला."

मग त्याची सावली मातीवर पडली. संग्रामने वर बघितलं, चेहरा ओळखला आणि असा काही धावला की बापाच्या गुडघ्यांना जाऊन आदळला. सगळे हसले. यशराजही हसला, पण ते हसणं तोंडदेखलं होतं, हे नाथाजींना नीट दिसत होतं.

रविवारी जावळ झालं. मेढ्याहून राजेश्वरीचा भाऊ कृष्णात आला होता. मामाच्या मांडीवर बसून संग्रामने अगदी शांतपणे केस उतरवून घेतले. नैवेद्य दाखवला, बोकड पडलं, भावकी जेवून गेली. तीनच्या सुमाराला सोप्यात घरची माणसं तेवढी उरली. नाथाजी, अंजनाबाई, दोन मुलं, दोन सुना आणि कृष्णात. संग्राम सतरंजीच्या टोकाला तुळतुळीत डोक्याने बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. शिवांजली शेजारच्या मुलींबरोबर बाहेर गेली होती.

"वहिनी," यशराज एकदम म्हणाला. "दोन दिवस झालं बघतोय. राजूला इचारलं तर ती उठून जाती. तुमी सांगा. ह्याला ऐकू येतंय का?"

क्रांतीने आधी नवऱ्याकडे बघितलं. जयराजने मान हलवून नको म्हटलं.

"जाऊ दे की क्रांती," तो म्हणाला. "आज कशाला? अंगणवाडी अंगणवाडीत ठेव."

"भावजींनी विचारलंय," क्रांती म्हणाली.

"आन त्यानं इचारलं म्हणून तू सांगणार! उद्या गावभर झालं म्हंजे? सुभेदार हुणाऱ्याचं पोरगं भैरं?"

"दादा, मला गावाचं काय न्हाई," यशराज म्हणाला. "मला माझ्या पोराचं पायजे."

"आमच्याकडं एक म्हातारी हाय," कृष्णात घाईघाईने म्हणाला. त्याला भांडण नको होतं. "कानात तेल घालती, जीभ चोळती. लय पोरं बोलाय लागल्याती."

"तेच म्हणतीया मी," अंजनाबाई म्हणाल्या. "ट्रॅक्टर आला की फाटकापतूर पळतंय. भैरं पोर पळंल का? सांगा की आवं, तुमी तरी कायतरी बोला!"

शेवटचं वाक्य नाथाजींना होतं, पण नाथाजी त्यांच्याकडे बघत नव्हते, त्यामुळे ते त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नाही. ते नातवाकडे बघत होते. पोराचे हात शेंगांवर होते आणि डोळे फिरत होते. जयराज बोलला की जयराजच्या तोंडाकडे, यशराज बोलला की यशराजच्या. दोघं एकदम बोलले की गोंधळून खाली. कुणी हसलं की तोही हसायचा, थोडा मागाहून. नाथाजींना ते थोडं मागाहून हसणं फार ओळखीचं वाटलं.

ते उठले. "जया, गप. समदी गप बसा," ते म्हणाले आणि नातवाजवळ जाऊन मांडी घालून बसले. त्यांनी त्याच्याकडे बघून ओठ हलवले, आवाज न काढता. शेंग दे. संग्रामने त्यांच्या तळहातावर शेंग ठेवली. मग नाथाजींनी त्याला उचलून पाठमोरं बसवलं आणि खणखणीत आवाजात, कवायतीत हुकूम द्यायचे तशा आवाजात म्हणाले, "शेंग दे."

संग्राम स्वतःच शेंग खात राहिला.

नाथाजींनी त्याला परत आपल्याकडे वळवलं.

"ह्यो ऐकत न्हाई," नाथाजी म्हणाले. "ह्यो बघतुय. आन लय हुशारीनं बघतुय, म्हणून आपल्याला कळलं न्हाई. मला आधीच कळाय पायजे हुतं. म्या बी तेच करतुय."

"काय करताय?" अंजनाबाईंनी विचारलं.

"माझा डावा कान गेलाय. तोफखान्यात गेला. पेन्शनीत आलो तवाच गेल्याला हुता. उजवा बी आता अर्धाच हाय."

"बावीस वर्सं?" अंजनाबाईंचा आवाज चिरकला. "बावीस वर्सं म्या बोलतीया आन तुमी..."

"तू समोरून बोललीस की कळतंय."

"म्या चुलीपाशी बसून बोलतीया! पाठ करून! मला वाटायचं माणूस मिजासखोर हाय, उत्तर देत न्हाई! दोनदा माह्यारी निघून गेले हुते त्या पायी!"

यशराजला हसू फुटलं, मग जयराजला. कृष्णातने तोंडावर हात ठेवला. अंजनाबाईसुद्धा पदराने डोळे पुसता पुसता हसायला लागल्या, आणि त्या हसण्यातच त्यांची बाजू सुटली. "मग सांगायला काय झालं हुतं?" त्या म्हणाल्या.

"लाज वाटली," नाथाजी म्हणाले. "पलटणीतनं आलेला माणूस. गावात हवालदार म्हणत्यात. बैठकीत भिंतीकडं डावा कान करून बसायचं, माना डोलवायच्या. निम्म्या गोष्टी मला अजून म्हाईत न्हाईत. मला सत्तर वर्सं झाली, माझं भागलं. ह्येला तीन बी न्हाईत. ह्येला बोलायचं हाय, शाळंत जायचं हाय." ते क्रांतीकडे वळले. "पोरी, नाव लिव."

क्रांती उठली नाही. तिने हात मांडीवर घट्ट धरले होते.

"आबा, नाव लिहायच्या आधी एक सांगायचं आहे," ती म्हणाली. "राजूला सांगायचं आहे." राजेश्वरीने मान वर केली. "हा पेटीत होता ना, सोडायच्या दिवशी तू झोपली होतीस. सिस्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कावीळ जास्त होती, तीन महिन्यांनी कानाची तपासणी करून घ्या. मी हो म्हटलं. मग शिवांजलीला डेंगी झाला, मी तिच्यापाशी सांगलीला. परत आले तोवर माझ्या डोक्यातून ते पार गेलं होतं. घुंगराला वळला नाही त्या दिवशी आठवलं. तीन आठवडे मी काही फक्त त्याला बघत नव्हते. तुला सांगायचा धीर गोळा करत होते."

"इसरला," राजेश्वरी म्हणाली.

"हो."

"तुमी. गावातल्या समद्या पोरांच्या लशीच्या तारखा तुमच्या तोंडात असत्यात."

यशराज बायकोचा हात धरायला गेला, तिने तो सोडवला, संग्रामला उचललं आणि आतल्या खोलीत निघून गेली. दार लावल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

*

सोमवारी क्रांती एकटीच अंगणवाडीत आली. संग्राम आईजवळ राहिला होता. पथकाची गाडी दहाला आली. डॉक्टरीणबाई तरुण होती, पवारांच्या पोरीचा पाय वाकवून-फिरवून बघत होती. क्रांतीच्या यादीत तिसऱ्या आकड्यापुढे अजून टिंबच होतं. सलिमाने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

अकराच्या सुमाराला दारात सावली पडली. राजेश्वरी. कडेवर मुंडण केलेला संग्राम, मागे यशराज.

"कुटं लिवायचं?" तिने विचारलं.

क्रांतीने तपासणीचा अर्ज पुढे ओढला. राजेश्वरी तिच्याजवळ भुईवर बसली. अजून तिने क्रांतीकडे नीट बघितलं नव्हतं.

"तुमी तुमचं लिवलंय ते ऱ्हाऊ द्या. आता म्या सांगते ते लिवा. आईला काय वाटतं म्हणून रकाना असंल की."

"आहे."

"लिवा. फरशीवर ताट पडलं की वळतंय. हातात ताट वाजवलं की वळत न्हाई. म्या करून बघितलंय. गुरुवारी." तिने संग्रामला मांडीवर सरकवून घेतलं. "समोरून हाक मारली की येतंय. मोबाइलवर बापाचा चेहरा दिसला की हसतंय, नुसता आवाज असला की फोन फेकून देतंय. जन्मल्यावर कावीळ, पाच दिवस पेटीत. तीन महिन्यांनी कान तपासाय सांगितल्यालं, नेलं न्हाई."

क्रांतीचं पेन थांबलं. "कुणी नेलं नाही ते लिहू का?"

राजेश्वरीने तेव्हा तिच्याकडे बघितलं.

"घरच्यांनी," ती म्हणाली. "घरच्यांनी न्हेलं न्हाई, असं लिवा."

डॉक्टरीणबाईने कागद दोनदा वाचला. "हे कुणी लिहिलं?" तिने विचारलं. "असं सगळीकडून लिहून मिळालं तर आमचं अर्धं काम होईल." तिने संग्रामचे कान आतून बघितले, मळ नाही, पाणी नाही म्हणाली आणि सांगलीच्या तपासणी केंद्रावर पाठवायची चिठ्ठी दिली. निदान तिने सांगितलं नाही. ते तिथली मोठी तपासणी झाल्यावरच.

मोठ्या तपासणीसाठी संग्रामला झोपवायचं होतं. औषध पाजूनही तो झोपेना, तेव्हा दोघी जावांनी त्याला आळीपाळीने खांद्यावर घेऊन केंद्राच्या व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. झोपल्यावर कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवल्या. तासाभराने तिथल्या मॅडमनी कागदावर रेघ काढून दाखवली. जाडे आवाज, ट्रॅक्टर, डफ, दार आपटणं हे त्याला थोडंफार ऐकू येतं. बारीक, उंच आवाज जवळजवळ येत नाहीत, आणि बोलण्यातली निम्मी अक्षरं त्या बारीक आवाजातच असतात. दोन्ही कानांना मशीन लागेल. मशीन लावून, रोज शिकवून बोलेल का? "बोलायला हवा," मॅडम म्हणाल्या. "वय हातात आहे. सहा महिन्यांनी आला असता तरी मी हेच म्हटलं असतं, पण इतक्या खात्रीने नाही."

यशराजची सुट्टी संपली होती. तो फोनवर एवढंच म्हणाला, "आता फोनवर नुसता आवाज असला तरी फेकणार न्हाई व्हय?"

कानाची मापं घेतली, मशीन यायला महिना गेला. बसवायच्या दिवशी पुन्हा दोघीच सांगलीला आल्या. मॅडमनी दोन्ही कानांमागे मशीन अडकवलं आणि बटण लावलं. संग्रामचे डोळे विस्फारले. मग त्याने रडायला सुरुवात केली, आणि स्वतःचंच रडणं ऐकून घाबरून गप्प झाला.

"हाक मारा," मॅडम म्हणाल्या.

राजेश्वरी त्याच्या मागे गेली. कितीतरी दिवस ती या घडीची वाट बघत होती. "संग्राम," ती म्हणाली. तो वळला नाही. "संग्राम, बाळा."

"त्याला ऐकू आलं," मॅडम म्हणाल्या. "बघा, थबकलाय. पण हे आपलं नाव आहे, हे त्याला अजून कुठे माहीत आहे? ते आता शिकवायचं. घाई करू नका."

राजेश्वरीने मान डोलावली. बाहेर आल्यावर मात्र ती लिंबाच्या झाडाखालच्या बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावला. क्रांती शेजारी बसली. संग्राम दोघींच्या मध्ये उभा होता, आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. तो काहीतरी शोधत होता. त्याने वर बघितलं, मागे बघितलं, आईच्या गुडघ्याला धरून हलवलं.

"काय रं?" राजेश्वरीने डोळे पुसले. "कावळा? त्यो बघ, कावळा." तिने हात वर करून दाखवलं. संग्रामने हाताकडे बघितलं, कावळ्याकडे बघितलं, आणखीच गोंधळला. "मग रिक्षा? ती बघ, तिकडं." तिने दुसरीकडे हात केला. तो तिकडे वळला आणि परत आला. आवाज तिकडे गेला होता आणि परतही आला होता.

ते आधी क्रांतीच्या लक्षात आलं. सांगायला तिने तोंडही उघडलं. मग मिटलं, आणि ती बघत बसली.

"काय पायजे तरी काय तुला?" राजेश्वरी म्हणाली आणि त्याचं नाक पुसायला तिने हात पुढे केला. संग्रामने दोन्ही हातांनी तिचं मनगट पकडलं. एकदा हलवलं. हिरव्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या. तो थांबला. पुन्हा हलवलं. थांबला. पुन्हा.

राजेश्वरीने बांगड्यांकडे बघितलं. "बांगडी," ती म्हणाली, सावकाश, त्याच्यासमोर वाकून. "बांगडी."

संग्रामने तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. त्याने तिचा हात ओढून आपल्या कानाशी नेला आणि जोरात हलवला.

"हळू रं, फुटतील," राजेश्वरी म्हणाली, आणि हात त्याला देऊन टाकला.